पदवी ऑनलाइन झाली, पण अभ्यासाचा वेळ कोण देणार?

मागच्या महिन्यात आपल्याच वस्तीतला एक मुलगा मला भेटायला आला. बी.कॉम. झालेला, लोटे एमआयडीसीत एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात ठेकेदाराच्या हजेरीपटावर काम करणारा. त्याने विचारले, "ताई, एचआरमध्ये ऑनलाइन एमबीए करू का? फी हप्त्याने भरता येते म्हणतात." मी क्षणाचाही विचार न करता म्हटले, "कर." त्यावर त्याने दुसरा प्रश्न विचारला, "पण अभ्यास कधी करू?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीतला कोणीही देईल. शिका हा तर आपल्या त्रिसूत्रीतला पहिलाच शब्द. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी गप्प झाले. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर सलग दोन पाळ्या. घरी आल्यावर अंगाचा, कपड्यांचा केमिकलचा वास जात नाही, आणि त्यात मोबाईलच्या पडद्यावर दोन तासांचे व्याख्यान ऐकायचे. या मुलाला नुसते "जिद्द ठेव" म्हणणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. म्हणून मी इतिहासाकडे वळले. काम करता करता शिकण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही, आणि नोकरीच्या दारावर कोण बसतो हा प्रश्न तर त्याहून जुना आहे. एचआरच्या पदवीत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

नोकरीत असताना शिकलेली पहिली पिढी

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेत होते. नोकरीत असतानाच ते पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी नोकरी करत पात्रता मिळवली. पण त्यासाठी त्यांना रजा मागावी लागली नाही की पगारातून हप्ता भरावा लागला नाही. पलटणीतल्या माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवणे ही फौजेची स्वतःची व्यवस्था होती. गावात जिथे अस्पृश्याला शाळेच्या ओसरीवर उभे राहू देत नव्हते, तिथे छावणीत त्याच्या हातात पाटी दिली जात होती.

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीत राहिले. दापोली ही आपल्या खेडच्या शेजारची. तिथे लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त लष्करी शिपाई, आणि त्यांचे काम दापोलीतूनच चालले. कोकणातल्या दलित जागृतीचा पहिला अंकुर या शिकलेल्या पेन्शनरांच्या घरांत फुटला, हे विसरून चालणार नाही. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. नोकरी गेलीच, पण नोकरीबरोबर मिळणारी शाळाही गेली. वलंगकरांनी भरतीसाठी जो अर्ज तयार केला, तो केवळ पोटासाठी नव्हता हे यावरून कळते.

याच्याही आधी, १८५५ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली आणि शाळेची वेळ बदलली. माणसाने शाळेच्या वेळेप्रमाणे वागावे असा हट्ट त्यांनी धरला नाही. पुढे बाबासाहेबांनी हेच केले.

दारावरचा मुकादम

आता दुसरा धागा. कोकणचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. खोताच्या जाचाला कंटाळून, कर्जाला कंटाळून, रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचे लोंढे गिरणगावात उतरले. तिथे एचआर नावाचा विभाग नव्हता. तिथे जॉबर होता, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण होती. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, बदली लावणे, सगळे त्याच्या हातात. तो आपल्या गावचे, आपल्या भावकीचे, आपल्या जातीचे लोक भरायचा आणि त्यांच्याकडून दस्तुरी घ्यायचा. गिरणीच्या फाटकावर जात अशा रीतीने पोहोचली. कायद्याच्या कोणत्याही कलमात ती लिहिलेली नव्हती.

याचा सर्वांत उघड पुरावा म्हणजे विणकाम खाते. या खात्यात मजुरी चांगली होती, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार एक आहेत असे म्हणता, तर विणकाम खाते आमच्यासाठी उघडा. आपल्या बाजूच्या माणसांनाही हा प्रश्न विचारण्याची हिंमत त्यांच्यात होती.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही बाबासाहेबांची मांडणी त्याच परिषदेतली. ती आपण भाषणांत वारंवार सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी जो तपशील दिला, तो सहसा कोणी सांगत नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर म्हणूनही घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. कारखान्यात त्याला मेकॅनिक होऊ देत नाहीत, फोरमन तर दूरच. आजच्या एचआरच्या पुस्तकात भरती, नेमणूक आणि पदोन्नती असे तीन स्वतंत्र धडे असतात. या तिन्ही ठिकाणी जात कशी काम करते, याचे विश्लेषण बाबासाहेबांनी १९३८ मध्ये कामगारांपुढे उभे राहून केले होते.

मुकादमाच्या कारभारावर सरकारी बोटही ठेवले गेले होते. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातली भरती काढून घ्यावी आणि त्यासाठी कारखान्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. एचआर या पदाचे आपल्या देशातले एक मूळ इथे आहे. मुकादमाची मनमानी मोडण्यासाठी ही खुर्ची मागितली गेली होती.

१९४६: वेळ आणि कॉलेज

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या त्या चार वर्षांतील कामांची यादी मोठी आहे. इथे मला फक्त दोनच गोष्टी शेजारी ठेवायच्या आहेत.

पहिली, कारखाना कायद्यातली १९४६ ची दुरुस्ती. कायमस्वरूपी कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास तोवर ५४ होते, ते ४८ झाले. म्हणजे प्रत्येक कामगाराला आठवड्याला ६ तास परत मिळाले. दुसरी, त्याच वर्षी २० जून रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याआधी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली होती. सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे ऑफिसात, गिरणीत, दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाला वर्ग करून कामावर जाता येई. कारकुनी करून बी.ए. झालेली, पुढे वकील, अधिकारी, लेखक झालेली माणसे या सकाळच्या वर्गांतून आली.

या दोन घटनांचा थेट संबंध होता असा दावा मी करत नाही. पण दोन्हीमागचा विचार एकच होता असे माझे म्हणणे आहे. एका हाताने कायद्यातून कामाचे तास कमी केले, आणि दुसऱ्या हाताने कामाच्या वेळेबाहेर बसेल असे कॉलेज उभे केले. बाबासाहेबांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पै पै साठवून, वर नवल भथेना यांच्याकडून कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते गेले. नोकरी आणि शिक्षण यांची ओढाताण त्यांनी स्वतः भोगली होती. म्हणूनच आपल्या पोरांना त्यांनी केवळ जिद्दीच्या भरवशावर सोडले नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तीही याच काळातली.

वेळ, पैसा आणि सोयीची शाळा. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा आपली पहिली पदवीधर पिढी उभी राहिली.

कल्याण अधिकाऱ्याचा एचआर कसा झाला

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. या अधिकाऱ्याला शिक्षण देणाऱ्या संस्था मुंबईत उभ्या राहिल्या. १९३६ पासूनची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होतीच. १९४७ मध्ये परळला बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट आले. आज त्या संस्थेला सत्यशोधक कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे.

मग शब्द बदलत गेले. कामगार कल्याणाचे झाले पर्सोनेल मॅनेजमेंट, आणि त्याचे झाले ह्युमन रिसोर्स. कल्याण अधिकारी कामगाराकडे माणूस म्हणून पाहायला बांधलेला होता, निदान कागदावर तरी. संसाधन म्हटले की ते किती वापरायचे आणि कधी टाकून द्यायचे याचा हिशोब सुरू होतो. त्याच काळात कायम कामगार कमी होत गेले आणि ठेकेदार वाढले. लोट्यात आपल्या पोरांना कामावर घेतो कोण? बहुतेक ठिकाणी ठेकेदार. हा ठेकेदार गावचाच असतो, ओळखीची माणसे भरतो, आणि कोणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचे ते तोच ठरवतो. हा जॉबरच परत आला आहे. फरक इतकाच की आता त्याच्या मागे, एसी केबिनमध्ये, एचआर मॅनेजर बसलेला असतो.

आणि या केबिनमधली जात? २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावापेक्षा कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीत भरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी बोलून लिहिले. हे व्यवस्थापक आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगत, आणि त्याच दमात उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे आवश्यक आहे असेही सांगत. वडील काय करतात, घर कुठे आहे, घरात कोण शिकलेले आहे. ज्याच्या आईने खोताच्या शेतात राबून आणि बापाने गोदीत ओझी उचलून घर चालवले, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे?

म्हणून मी म्हणते, ही खुर्ची आपल्या मुलामुलींना मिळालीच पाहिजे.

आक्षेप आणि उत्तर

आपल्यातले काही मित्र म्हणतात, एचआर हा मालकाचा माणूस. आपली पोरे त्या खुर्चीवर बसली तर आपल्याच माणसांना कामावरून काढण्याच्या नोटिसा लिहितील. हा आक्षेप खोटा नाही. खुर्ची माणसाला बदलते, हे आरक्षणातून वर गेलेल्या आपल्या काही साहेबांकडे पाहून कळतेच. पण खुर्ची नाकारल्याने ती रिकामी राहत नाही. तिथे दुसरा कोणीतरी बसतो आणि तो कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतो. शिवाय कायदा माहीत असलेला माणूस आत असणे आणि नसणे यात फरक पडतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो, या गोष्टी आपल्या किती पोरांना माहीत आहेत? आणि हे शिक्षण ज्याने घेतले, तो नोकरीत नसला तरी संघटनेच्या कामाला येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कल्याण अधिकाऱ्याची अट आता २५० कामगारांवर आली, हे चांगले. पण ठेका कामगारांच्या तरतुदी ५० किंवा जास्त मजूर असलेल्या ठेकेदारालाच लागू, म्हणजे १५-२० माणसे पुरवणारा छोटा ठेकेदार त्यातून सुटतो. हे बारकावे वाचणारा माणूस आपल्यात हवा. एचआरची पदवी त्यासाठीही आहे.

पदवी घेण्यापूर्वी

आता व्यवहाराचे. १९८५ चे इग्नू आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही दोन सरकारी विद्यापीठे नोकरी करणाऱ्यांसाठीच उभी राहिली, आणि दोन्हीकडे व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण आहे. खासगी विद्यापीठांच्या जाहिराती मोबाईलवर दिसतात म्हणून आधी तिकडे धावू नका. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीला नियमित पदवीच्या बरोबरीचा दर्जा दिला आहे. पण मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाच्या प्रवेशाला हवी. ती यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहा. प्रवेशासाठी आता डीईबी आयडी लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. एजंटच्या हातात आधार कार्ड आणि मोबाईलचा ओटीपी देऊ नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्या स्थगित केल्या, तेव्हा भोगावे विद्यार्थ्यांना लागले.

आणखी एक. कल्याण अधिकारी व्हायचे असेल तर कोणतीही एचआर पदवी चालेलच असे नाही. राज्याच्या नियमांत त्यासाठीची शैक्षणिक पात्रता ठरवलेली असते. पैसे भरण्यापूर्वी आपली पदवी त्यात बसते का, हे लेखी विचारा. शिष्यवृत्तीचे नियम नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वेगळे असतात, ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा, "मिळत नाही हो" असे कोणीतरी सांगितले म्हणून परत येऊ नका.

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येते. अभ्यास कधी करू?

ऑनलाइन शिक्षणाने शाळा खिशात आली, हे खरे. सिद्धार्थ कॉलेजला जायला मुंबईत राहावे लागे, आज लोट्यात बसून शिकता येते. पण १९४६ ला ज्या तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या, त्यांतली एकच आज सोपी झाली. पैसा विद्यार्थ्याने हप्त्याने भरायचा आहे. आणि वेळ तर उलट्या दिशेने चालला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. ठेकेदारापुढे उभ्या असलेल्या पोराची लेखी संमती म्हणजे काय, हे लोट्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. बाबासाहेबांनी कामगाराच्या हातात ठेवलेले तास असे परत काढून घेतले जात असतील, तर ऑनलाइन पदवीची जाहिरात कितीही रंगीत असली तरी ती कोणासाठी आहे?

म्हणून माझे म्हणणे असे. पदवी घ्या, पण ती एकट्याची लढाई करू नका. आपल्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर दोन तास अभ्यासाला ठेवा. चार-पाच जणांनी एकाच अभ्यासक्रमाला प्रवेश घ्या, म्हणजे रात्रपाळीवाल्याला दिवसपाळीवाला काय झाले ते सांगेल. विहाराला वायफाय लावण्यासाठी वर्गणी काढा. जयंतीच्या डीजेचा खर्च एक वर्ष कमी केला तर दोघांची सत्राची फी निघते, हे कटू वाटले तरी मी बोलणार. आणि मुली विसरू नका. कारखान्यात साफसफाईला आणि पॅकिंगला जाणाऱ्या आपल्या किती बहिणी बारावी झालेल्या आहेत, हे आधी मोजा.

याबरोबरच संघटनेच्या मागणीपत्रकात दोन मागण्या घाला. परीक्षेच्या दिवसांची रजा, आणि शिकणाऱ्या कामगाराला सलग दोन पाळ्या न लावणे. पगारवाढीच्या मागणीइतक्याच या गंभीर मागण्या आहेत. फौजेने रामजी सुभेदारांना शिकवले ते उपकार म्हणून नाही, तर शिकलेला शिपाई तिला हवा होता म्हणून. कारखान्यालाही शिकलेला कामगार हवा असेल तर त्याने वेळ द्यावा.

त्या मुलाने प्रवेश घ्यायचे ठरवले आहे. येत्या रविवारी विहारात आम्ही पहिल्यांदा बसणार आहोत. तो, दोन मुली, आणि ठेकेदारीतला आणखी एक जण. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही. ते उत्तर मिळवणे हे त्याचे एकट्याचे काम नाही, आपल्या सगळ्यांचे आहे, इतके मात्र त्याला मी सांगितले.

जयभीम!